खुंटापाशीची हाक

गोपीचंदनं मान मागं टाकली, डाव्या बोटानं पापणी वर ओढली आणि बाटली दाबली. पहिला थेंब कानशिलावर गेला. दुसरा मिशीत. तिसऱ्या वेळी त्यानं श्वास रोखला, मनातल्या मनात बाटलीला एक सणसणीत शिवी घातली, तेव्हा कुठं डोळ्यात गार लागलं. मग तो तणसाच्या ढिगाला पाठ टेकून, डोळे मिटून गुपचूप उभा राहिला. पाच मिनिटं डोळे मिटून ठेवायचे, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. घरात कोणी विचारलं तर कचरा गेला म्हणायचं, हे मात्र त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

"अजी!" घरातून रेवताबाईंचा आवाज आला. "पोरगी कवाची वाट पाहून राहिली. कुठं गेले?"

"आलो, आलो. म्हशीले पाहून राहिलो."

म्हैस तर अजून चरून परतलीसुद्धा नव्हती. पण रेवताबाईंनी पुढं काही विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी साकोलीला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं तो एकटाच गेला होता. चष्म्याचा नंबर घेऊन येऊ म्हणून गेला आणि काचबिंदू घेऊन आला. हा रोग चोरपावलांनी येतो, डॉक्टर म्हणाले. माणसाला स्वतःला पत्ता लागेपर्यंत अर्धंअधिक गेलेलं असतं. गेलेली नजर परत यायची नाही, उरली आहे तेवढी जपा. उरली होती ती नळीतून पाहावं तेवढी. समोर धरलेलं दिसे, बाजूचं दिसत नसे, आणि पाण्यावर ऊन चमकलं की नळीच्या तोंडाशी कोणी चुना फासल्यासारखं सगळं पांढरं होऊन जाई. हे त्यानं कोणालाही सांगितलं नाही. कसं सांगणार? उद्या मोठी ओढ होती.

गावच्या धीवरांचं मोठं जाळं वर्षातून एकदाच, वैशाखात, सगळा तलाव घासून काढतं. पाणी तेव्हा छातीएवढंच उरलेलं असतं. अठरा माणसं पाण्यात उतरतात. प्रत्येकाच्या हातात जाळ्याचा वरचा दोर, पायाच्या अंगठ्यात खालचा. खालचा दोर चिखलाला घासतच गेला पाहिजे, नाहीतर मासे खालून निसटतात. आणि जाळ्यामागं, त्याच्या मधल्या भागाला, म्हणजे पोटाला, दोरीनं बांधलेल्या डोंग्यात, एका लहान होडीत, एकोणिसावा माणूस फळीवर उभा असतो. त्यानं ओढायचं नाही, भिजायचं नाही. त्यानं फक्त हाक द्यायची.

हाक द्यायची ती खुंटासाठी. तलाव बांधला गेला तेव्हा जंगलातलं येनाचं एक झाड पाण्यात राहून गेलं. वरचं सगळं सडून गेलं, पण त्याचा खुंट अजून चिखलातून हातभर वर आहे आणि त्याची टोकं सुळ्यासारखी आहेत. पाणी गढूळ, खुंट कोणालाच दिसत नाही. जाळं त्याच्याजवळ आलं की खालचा दोर गुडघ्याच्या वर उचलायचा, दहा पावलं तसाच न्यायचा आणि पुन्हा टाकायचा. लवकर उचलला तर मासे गेले. उशिरा उचलला तर जाळं गेलं. डोंग्यातला माणूस पाळेवरचं, म्हणजे तलावाच्या बांधावरचं, सिंदीचं झाड आणि त्याच्यामागचा मारुतीच्या देवळाचा झेंडा यांच्यावर नजर ठेवून असतो. दोन्ही एका रेषेत आले की तो ओरडतो, "उचला रे!" आणि दहा पावलांनी, "टाका!"

गोपीचंदचा बाप हे काम करायचा. बापामागून गोपीचंद, बावीस वर्षं. बावीस वर्षांत जाळं एकदाही खुंटाला लागलं नव्हतं. वयानं मोठी माणसंसुद्धा त्याला दादा म्हणत. लग्न असो, मयत असो, मच्छीमार सोसायटीची बैठक असो, त्याचा शब्द शेवटचा. हा सगळा मान डोंग्यातल्या त्या वीतभर फळीनं दिलेला आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फळीवरून उतरलं की आपण कोण? साठी उलटलेला, गुडघे दुखणारा एक म्हातारा. आणखी कोण?

मागचे दोन वैशाख त्यानं अंदाजानं काढले होते. झेंडा दिसत नव्हता, सिंदी असली तर असली. त्यानं श्वास मोजले, वारा कोणत्या गालाला लागतो ते पाहिलं आणि देवाचं नाव घेऊन ओरडला. दोन्ही वेळा जाळं धडधाकट बाहेर आलं. दोन्ही वेळा त्यानं मारुतीला नारळ फोडला आणि पुढच्या वर्षी सांगून टाकू असं कबूल केलं. पण यंदा जाळं नवं होतं. हिवाळाभर घरोघरी बायका-माणसांनी अंगणात बसून ते विणलं होतं. रेवताबाईंच्या बोटांना अजून घट्टे होते. ते जाळं उद्या आपल्या हाकेनं फाटलं तर? हा एकच विचार आठवडाभर त्याच्या डोक्यात होता.

तो घरात आला तेव्हा गुंजननं खाटेवर टॉवेल पसरून त्यावर एक हिरवी पाटी मांडली होती. जेवणाच्या ताटाएवढी. तिच्यावर बारीक तारांची गिचमीड आणि एका कडेला दोन दिवे. गुंजन त्यांची एकुलती एक. पुण्याला भौतिकशास्त्रात संशोधन करत होती आणि सुट्टीला येताना हे घेऊन आली होती, कपड्यांच्या पिशवीपेक्षा जास्त जपून. बसमध्येसुद्धा म्हणे मांडीवर घेऊन बसली. सोबत एक बॅटरी होती. ती काढली की पाटी शिकलेलं सगळं हळूहळू विसरते, असं ती काल म्हणाली होती.

"बसा, बाबा. हे पण जाळंच हाय. ह्या गाठी, अन् दोन गाठींच्या मधात एक-एक तार."

गोपीचंद खाली वाकला. पाटी नाकाजवळ आली तेव्हा त्याला गाठी दिसल्या. जाळं म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

"करते काय हे?"

"मासे ओळखते," गुंजन म्हणाली आणि आपल्याच बोलण्याला हसली. "ह्या बटनानं लांबी सांगायची, ह्या बटनानं वजन. रोहू असन तं लाल दिवा, कतला असन तं हिरवा. आकडे सोसायटीच्या धनराजभाऊकडून घेतले मी फोनवर. सांगा तुमी एक."

"एक हात लांब. दोन किलो."

तिनं बटनं फिरवली. "कतला," गोपीचंद म्हणाला, आणि त्याच्या मागोमाग हिरवा दिवा लागला.

"बाप्पा!" दारातून रेवताबाई म्हणाल्या. "हे तं आपल्या गावच्या पोट्ट्यायपेक्षा हुशार हाय."

गोपीचंदनं दोन-चार मासे आणखी सांगितले. पाटी एकदाच अडखळली, आणि तो मासा असा होता की बाजारात त्याच्यावरून माणसंही भांडली असती. त्याला मजा वाटू लागली. आठवडाभरात पहिल्यांदा तो उद्याचं विसरला.

"आतमंदी कॉम्प्युटर असन," तो म्हणाला.

"नाही ना. तेच तं सांगून राहिली मी. कॉम्प्युटर नाही, काही नाही. प्रत्येक तार आपलं आपण पाहते."

"असं कसं? हुकूम देणारं कोणी लागन ना?"

"कोणीच नाही, बाबा. पाहा, आधी मी ह्याले त्याच्या मनानं सांगू देते. चुकलं, तं दिव्याले बरोबरच्या बाजूले जरासाक धक्का देते. जरासाकच. मंग प्रत्येक तार एवढंच पाहते का धक्क्याच्या आधी माह्यावर ताण किती होता अन् आता किती हाय. ताण वाढला तं थोडी सैल होते, कमी झाला तं थोडी घट्ट. बस. दूरची तार काय करून राहिली हे तिले मालूम नसते. मासा काय असते हे तं कोणालेच मालूम नाही. असं हजार वेळा केलं का सगळं जाळं शिकते."

"अन् शिकलेलं लिहून कुठं ठेवते?"

"कुठंच नाही. सगळ्यायमंदी थोडं थोडं."

गोपीचंदनं पाटीवरून बोट फिरवलं. मघाचा उत्साह आता थोडा कमी झाला होता. काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं.

"मुख्य तार कोणती ह्यातली?"

"तसं मुख्य कोणी नसते," गुंजन म्हणाली. "पण सगळ्यात जास्त वीज जाते ती ही. थांबा, गंमत दाखवते." तिनं पिशवीतून बारीक पकड काढली आणि रेवताबाई "अवं, मोडू नको माय!" म्हणेपर्यंत ती तार कापलीसुद्धा.

दिव्यांची अक्कल गेली. कतल्याला लाल, रोहूला हिरवा. गुंजननं पाटीला दुसरी एक छोटी डबी जोडली आणि हात बांधून बसली. डबीनं धक्के द्यायला सुरुवात केली असावी, कारण दिवे भराभर मिचकू लागले. रेवताबाईंनी चुलीवर चहा टाकला. त्याला उकळी आली, गाळून झाला, कपबशा खाटेवर आल्या. तेव्हा गुंजननं डबी काढली आणि पुन्हा एक हात, दोन किलोचा मासा लावला. हिरवा दिवा लागला.

"झालं," ती म्हणाली. "तिचं काम बाकीच्यायनं वाटून घेतलं."

गोपीचंदनं चहा बशीत ओतला आणि तसाच हातात धरून ठेवला. कापलेल्या तारेची दोन टोकं पाटीवर उभी होती. ती त्याच्या नळीत बरोबर मधोमध दिसत होती.

"गुंजन."

"हं?"

"ह्या तारेले मालूम हाय काय?"

"काय?"

"का आता आपल्याबिगर चालून राहिलं म्हणून."

गुंजन हसायला गेली आणि बापाच्या तोंडाकडं पाहून थांबली. "तारेले काय मालूम राहणार, बाबा," ती हळू म्हणाली.

"हव. तेही खरं हाय." त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला आणि उठून पायानं चप्पल चाचपली. चप्पल पहिल्याच झटक्यात पायाखाली आली. हल्ली ती नेहमीच अशी, कोणी नेमकी तिथं मांडून ठेवल्यासारखी यायची, आणि त्याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य झाडांच्या वर यायच्या आत जाळं पाण्यात पडलं. पाळेवर सगळं गाव जमलं होतं. टोपल्या, तराजू, बर्फाची पेटी आणि अंगात आल्यासारखी धावणारी लहान पोरं. गुंजन आईशेजारी उभी होती. अठरा माणसांनी मारुतीच्या नावानं एकदा आरोळी ठोकली आणि चालायला सुरुवात केली. डोंग्याच्या पुढ्यात, जाळ्याच्या पोटाशी नत्थू होता. ज्या वैशाखात गोपीचंद डोंग्यात चढला त्याच वैशाखात नत्थू पहिल्यांदा पाण्यात उतरला होता, आणि तेव्हापासून त्याची जागा तीच.

गोपीचंद फळीवर ताठ उभा राहिला. धोतर घट्ट खोचलेलं, डोक्याला टॉवेल. पाळेवरून पाहणाऱ्याला वाटावं, बावीस वर्षांत काही बदललं नाही. त्यानं सुरुवातीपासून श्वास मोजायला घेतले. मागच्या दोन्ही वर्षी दोनशे दहावर त्यानं हाक दिली होती. वारा उजव्या गालाला होता. सगळं ठीक चाललं होतं. एकशे तीस. एकशे चाळीस.

मग सूर्य पाळेवरच्या झाडीतून सुटला आणि पाणी पेटलं. समोरचं सगळं पांढरं झालं. सिंदी गेली, पाळ गेली, नत्थूचं डोकंसुद्धा गेलं. आणि त्याच वेळी एक दांडगा मासा जाळ्यावरून उडाला तो धाडकन डोंग्याच्या कडेवर आदळला. डोंगा हलला, गोपीचंदचा तोल गेला, त्यानं काठाला धरून स्वतःला सावरलं, आणि सावरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आकडा हरवला. एकशे साठ होता? एकशे नव्वद?

खुंट अजून लांब होता का अगदी समोर आला होता? आता ओरडलं आणि खुंट दूर असला तर अठरा पाय वर होतील, मासे जातील, दहा पावलांनी पाय खाली येतील ते नेमके खुंटावर. नाही ओरडलं तर... त्यानं तोंड उघडलं. चुकीची हाक देण्याची त्याची हिंमत झाली नाही. तो तसाच आ वासून, काठ घट्ट धरून उभा राहिला आणि जाळं फाटल्याचा आवाज ऐकू यायची वाट पाहू लागला. मारुतीराया, तो मनात म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, जाळं वाचव.

आवाज आला तो वेगळाच. डावीकडं कुठंतरी पाण्यात डुबुक झालं, हलकंच, कोणी पाय वर घेतल्यासारखं. त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं, अगदी पुढ्यात, नत्थूच्या जागी. तिथून ते उजवीकडं सरकत गेलं. डोंग्याला बांधलेली दोरी सैल पडली. अठरा माणसांचे श्वास तेवढे ऐकू येत होते, त्यांतलं कोणी काही बोललं नाही. गोपीचंदनं नकळत पावलं मोजली. आठ, नऊ, दहा. पुन्हा डावीकडून तोच आवाज, या वेळी खाली जाणारा, आणि दोरीला झटका बसून डोंगा पूर्वीसारखा ओढला जाऊ लागला.

खुंट मागं गेला होता. जाळं साबूत होतं. आणि हाक आली नाही म्हणून एकाही माणसानं मागं वळून विचारलं नव्हतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, डोळ्यांत पाणी आलं एवढा झाला. पण त्या आनंदाच्या पोटातून दुसरं काहीतरी वर आलं. तो फळीवर मटकन बसला. बावीस वर्षांत तो डोंग्यात कधी बसला नव्हता. मागच्या वर्षीची हाक त्याला आठवली, त्याच्या मागच्या वर्षीचीही. दोन्ही वेळा हाक दिल्यावर दोरी सैल पडली नव्हती. ती आधीच सैल होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, नशीब, बरोबर वेळ साधली. आणि वर नारळही फोडला होता त्यानं! ज्या भीतीनं त्याची दोन वर्षं कुरतडून खाल्ली, ती भीतीच फुकटची होती. जाळं त्याच्या हाकेवर नव्हतंच. त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही.

जाळं किनाऱ्याला लागलं तसा कल्ला उठला. रोहू, कतला, मरळ, सगळं एकात एक उसळत होतं. बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरल्या. कोणीतरी डोंगा ओढून काठाला लावला. तरी गोपीचंद फळीवर बसूनच होता.

मोठ्या ओढीचा पहिला मासा डोंग्यातल्या माणसाचा, ही इथली रीत. पोटाशी असणाऱ्यानं तो दोन्ही हातांवर आणायचा आणि म्हणायचं, हाकेनं आलं. घेणाऱ्यानं म्हणायचं, हातानं आलं. एवढं बोलणं झाल्याशिवाय मासोळी टोपलीत पडत नाही. गोपीचंदचा बाप हे म्हणत आला, गोपीचंदही म्हणत आला. म्हणताना त्याची मान नेहमी थोडी ताठ असे. देणाऱ्याचं बोलणं खरं आणि आपलं नुसतं मोठेपणाचं, असंच तो धरून चालला होता.

नत्थू गुडघाभर पाण्यात त्याच्यापुढं येऊन उभा राहिला. हातांवर चांगला पाच किलोचा कतला होता, अजून शेपटी मारणारा.

"हाकेनं आलं, दादा."

गोपीचंदनं हात पुढं केले. "हातानं आलं," तो म्हणाला, आणि आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

नत्थूनं मासा सोडला नाही. रीत झाली, पण तो तिथंच उभा राहिला. "आज हाक भलती कडक होती तुमची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पार पाळेच्या टोकाले, पाणी सोडतेत त्या तुडुमावरच्या पोट्ट्यायलेही ऐकू गेली असन."

सूर्य नत्थूच्या पाठीशी होता. चेहऱ्याच्या जागी गोपीचंदला नुसता काळोख दिसत होता. हा थट्टा करत नव्हता, एवढं नक्की. मग याला खरंच हाक ऐकू आल्यासारखी वाटली, का हा आपल्यासाठी खोटं बोलतो आहे? चेहरा पाहता आला असता तर एका क्षणात कळलं असतं. मासा दोघांच्या हातांत होता. मासा तडफडत होता, पण त्याच्याखालचे नत्थूचे हात जराही हलत नव्हते.

हे असंच चालू देता आलं असतं. मान हलवायची, मासा घ्यायचा, घरी जायचं. पुढच्या वैशाखात पुन्हा फळीवर उभं राहायचं, आणि त्याच्या पुढच्याही. कोणी काही म्हणणार नव्हतं. हे गोपीचंदला अगदी स्पष्ट कळलं, आणि कळल्यावर ते त्याला सोसवेना.

"मी आज हाक देल्लीच नाही, नत्थू."

जवळच्या दोघा-तिघांचे हात टोपल्यांवर थांबले. पाळेवर गुंजन एक पाऊल पुढं आली आणि रेवताबाईंनी तिचा दंड धरला.

"मले दिसत नाही," गोपीचंद म्हणाला. एकदा बोलल्यावर पुढचं आपोआप आलं. "झेंडा दिसत नाही, सिंदी दिसत नाही. तू समोर उभा हायेस, तुयं तोंडही दिसत नाही मले."

नत्थूनं मासा हळूच गोपीचंदच्या मांडीवर ठेवला आणि ओले हात आपल्या कमरेच्या टॉवेलला पुसले.

"मालूम हाय, दादा."

"कवापासून?"

"झाले असतीन पाच-सहा वैशाख."

गोपीचंदनं मनाशी वर्षं मोजली. मोजून पुन्हा मोजली. "पाच-सहा? डॉक्टरनं मले दोन वर्षांखाली सांगतलं. मले स्वतःले तवा कळलं."

"हव," नत्थू म्हणाला. "आमच्या अंगठ्यायले आधी कळलं."

मागं कोणीतरी नाक ओढलं. नत्थू चिखलाकडं पाहत बोलत राहिला, आपल्यालाच समजावून सांगत असल्यासारखा. "हाक हातभर पुढं पडे, कवा हातभर मागं. एका वर्षी दोर खुंटाले घासून गेला. तवापासून ज्याच्या अंगठ्याले दोर जड लागे तो उचले. त्याचं पाणी हाललं का बाजूचा. बोललो नाही कोणी. मी ह्याले म्हटलं नाही, ह्यानं मले म्हटलं नाही. आज तुमी सांगतलं म्हणून, नाहीतर मले हेही मालूम नव्हतं का बाकीच्यायले मालूम हाय."

"मंग मले काहून उतरवलं नाही?"

नत्थूनं खरंच विचार केला. विचार करताना त्याचं डोकं एका बाजूला कललेलं गोपीचंदला अंधूकसं जाणवलं.

"तसं कोणी ठरवलंच नाही, दादा."

गोपीचंद मांडीवरच्या माशाकडं पाहत राहिला. तो एवढा जवळ होता की त्याचा खवला न् खवला दिसत होता. तलावाचा पश्चिमेकडचा भाग अजून ओढायचा होता. माणसं पाण्यात परतत होती, आणि त्यांच्यातलं कोणीही डोंगा जाळ्यापासून सोडवून त्याला उतरवायला पुढं आलं नव्हतं. का आलं नाही, हे त्यांनाही विचारून सांगता आलं नसतं.

त्यानं मासा उचलून गुंजनच्या दिशेनं धरला. ती धावत आली, मासा घेतला आणि तो छातीशी धरून उभी राहिली. गोपीचंदनं डोक्याचा टॉवेल सोडून कमरेला बांधला आणि फळीवरून पाय खाली सोडला. कोपराखाली नत्थूचा हात होता. तो हात दरवर्षी उतरताना तिथं असायचा. आज तो गोपीचंदला पहिल्यांदा कळला.

पाणी कमरेला लागलं, मग छातीला. ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा गार होतं. जाळ्याशी पोचल्यावर तो थांबला. पुढं काय करायचं असतं हे त्याला आठवत होतं, पण बावीस वर्षांपूर्वीचं.

"जागा हाय काय मधात?" त्यानं विचारलं.

नत्थू अर्धं पाऊल डावीकडं सरकला. त्याच्या शेजारचा अर्धं पाऊल उजवीकडं. गोपीचंद त्या दोघांच्या मध्ये गेला, वरचा दोर हातात घेतला आणि चिखलात अंगठ्यानं खालचा दोर शोधू लागला.